मार्क नसलेलं वर्ष

३० जून २००२ ला योकोहामात ब्राझीलनं जर्मनीला २-० हरवलं आणि दीड-दोन महिन्यांत ब्राझील आणि जर्मनी दोघंही आमच्या अकरावीच्या वर्गात येऊन बसले. यातली गंमत कोल्हापूरबाहेरच्या माणसाला कितीही सांगितली तरी निम्मीच कळणार. आमच्याकडे फुटबॉल हा पेठांचा मामला. शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम यांची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या बाजूनं जायचं नाही, हे लहान पोरालाही कळतं. वर्ल्डकपच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाला ब्राझीलचा नाहीतर अर्जेंटिनाचा झेंडा लागतो. त्या वर्षी तर रोनाल्डोसारखा कपाळावर तेवढा पुंजका ठेवून बाकी डोकं सफाचट केलेली पोरं पेठेत सर्रास हिंडत होती आणि घरी मार खात होती. जर्मनीच्या ऑलिव्हर कानच्या हातून बॉल सुटला त्या क्षणाची चर्चा अजून विरली नव्हती, तेवढ्यात ही दोघं आली.

त्यांची खरी नावं हजेरीपुरती. एरवी ‘जर्मनी आली का गं?’ आणि ‘ब्राझील कँटीनला बसलाय’ असंच चालायचं. त्यांनाही ते पटकन अंगवळणी पडलं.

दोघंही रोटरी क्लबच्या यूथ एक्स्चेंजमधून आलेली. पंधरा ते अठरा-एकोणीस वयाची मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या देशात जातात, तिथल्या घरात राहतात, तिथल्या शाळेत जातात. वर्षात दोन-तीन घरं बदलायची. ठेवून घेणाऱ्या घराला पैसे मिळत नाहीत, मुलाला क्लबकडून महिन्याचा थोडा हातखर्च मिळतो. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, गाडी चालवायची नाही आणि प्रेमात पडायचं नाही, असे चार मोठे नियम. शेवटचा नियम कळल्यावर आमच्या वर्गातल्या काही मुलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दोघांना नेव्हीब्लू ब्लेझर होते आणि त्यावर देशोदेशीच्या मुलांशी अदलाबदल केलेले बिल्ले. कोल्हापूरच्या ऑगस्टच्या चिकचिकीत तो ब्लेझर घालून पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला उभ्या राहिलेल्या जर्मनीकडे बघूनच घाम फुटत होता.

तिसरी एक अमेरिकन मुलगी येणार होती, ती आलीच नाही. त्या मे-जूनमध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर दोन्हीकडची फौज समोरासमोर उभी होती, आणि अमेरिका-ब्रिटननं आपल्या लोकांना भारतातून निघून या म्हणून सांगितलं होतं. आम्हाला तेव्हा त्याचं फार काही वाटलं नव्हतं. आम्हाला सीईटीची भीती जास्त होती.

एक मूल येतं तसं एक जातं. आमच्यातून गेली ती माझी पहिलीपासूनची मैत्रीण. ती गेली फ्रान्सला, आणि तिच्या खोलीत, तिच्या कॉटवर आली ही जर्मनी. मैत्रिणीचे वडील डॉक्टर, घर ताराबाई पार्कात. काकूंनी मला बोलावून सांगितलं, ‘हिला कॉलेजला घेऊन जात जा गं, हिची सायकल आहेच.’ म्हणजे मैत्रिणीची सायकल. मला ते आवडलं नव्हतं, पण काकूंना नाही कोण म्हणणार?

आमच्या घरी या सगळ्या प्रकाराबद्दल एकच मत होतं. दहावीला चांगले मार्क पडलेल्या मुलीचं वर्ष घालवायला एवढ्या लांब कशाला पाठवायचं? इथं राहूनही ते घालवता येतं, असं वडील म्हणायचे. आम्हा सायन्सवाल्यांचा दिवस पहाटे फिजिक्सच्या शिकवणीनं उजाडायचा, कॉलेज मध्ये कुठेतरी यायचं, आणि संध्याकाळी गणित. अशात ही मुलगी जर्मनीहून इथं वर्ष काढायला आली होती, आणि त्या वर्षाचा तिच्या कुठल्याही मार्कलिस्टशी संबंध नव्हता. तिच्या शाळेतली बरीच मुलं त्या वयात वर्षभर बाहेर जातात म्हणे, परत येऊन पुढं शिकतात. तिच्या आईवडिलांना ठाऊक होतं की ही इथं काही पास-नापास होणार नाही, आणि तरी त्यांनी खर्च करून पाठवली होती. मला हे तिच्या घाऱ्या डोळ्यांपेक्षा, पिंगट केसांपेक्षा जास्त परकं वाटलं.

याचा खरा अर्थ लॅबमध्ये कळला. साध्या लंबकाचा प्रयोग होता. दोरी, गोळा, स्टॉपवॉच, वीस आंदोलनं मोजायची, सूत्रात घालायची आणि गुरुत्व त्वरण काढायचं. पुस्तकात ९८० दिलेलं असतं, म्हणून सगळ्यांचं ९८० च्या आसपास येतं. कसं येतं ते महाराष्ट्रात सायन्स घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. उत्तर आधी लिहायचं आणि रीडिंग मागून बसवायची. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल हाताशी असतंच. जर्मनीचं आलं ९४३. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तसंच काहीतरी. मग तिनं ९४३ लिहिलं आणि खाली आपल्या तिरक्या अक्षरात कारणं लिहिली, त्यातलं एक असं होतं की पंखा चालू होता. लॅबचे मामा जर्नलं गोळा करताना थांबले. ‘हे असलं चालत नाही,’ मला म्हणाले, ‘सरांची सही मिळायची नाही हिला. सांग तिला.’ मी सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, सही मिळाली नाही तर काय होतं? मी म्हटलं, प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. ती म्हणाली, मग सही नको.

या गोष्टीवरून जर्मन लोक प्रामाणिक वगैरे काही सिद्ध होत नाही, आणि आमच्या पिढीला खोटेपणा जन्मजात होता असंही नाही. तिला ९४३ परवडत होतं, आम्हाला परवडत नव्हतं, एवढंच. त्याच टेबलावर ब्राझीलनं माझं जर्नल अख्खं उतरवून काढलं होतं, मी केलेल्या खाडाखोडीसकट. त्याचंही वर्ष मार्कांचं नव्हतं, पण त्याला सगळ्यांसारखं दिसायचं होतं.

पहिल्या सहामाहीतच जर्मनी आर्ट्सच्या वर्गात जाऊन बसायला लागली. आम्ही सायन्सचे तिच्याशी इंग्रजीत बोलायचो, कारण प्रत्येकाला आपलं इंग्रजी सुधारून घ्यायचं होतं. ते सुधारलंही. तिचं मराठी मात्र त्यानं एक पाऊल पुढं गेलं नाही. आर्ट्सच्या मुली आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं, केएमटीच्या सिटीबसनं यायच्या. त्यांना इंग्रजीची हौस नव्हती आणि त्यांच्याकडे वेळ होता. डबा खाताना, बसची वाट बघताना, मेंदी काढताना त्यांनी तिला मराठी शिकवलं. दिवाळी संपेपर्यंत ती आमच्या कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणायला लागली होती. काकू पुण्याच्या माहेरच्या, त्या दरवेळी ‘आले म्हण गं’ म्हणून दुरुस्त करायच्या. ती हो म्हणायची आणि पुन्हा ‘आलो’.

त्या घरात तिची खरी दोस्ती झाली आजीशी, म्हणजे डॉक्टरांच्या आईशी. ही दोस्ती पाण्यामुळे झाली. जर्मनी येऊन फार दिवस झाले नव्हते आणि टीव्हीवर ड्रेस्डेन दिसायला लागलं. ऑगस्ट २००२ चा एल्ब नदीचा पूर. जुने राजवाडे पाण्यात, रेल्वे स्टेशनात पाणी. हिचं गाव ड्रेस्डेनच्याच वरच्या अंगाला नदीकाठी होतं, आणि तिची आजी तिथं तळमजल्यावर राहायची. फोन लागत नव्हता. काकू गडबडून गेल्या, डॉक्टर क्लबच्या लोकांना फोन करत बसले, आणि मला सोबतीला बोलावलं. या आजी मूळच्या चिखलीच्या. पंचगंगा फुगली की पहिलं पाणी शिरतं त्या गावांपैकी चिखली. त्यांनी घरात पाणी आलेलं पाहिलेलं होतं, जनावरं सोडून द्यावी लागलेली पाहिली होती. त्या माझ्यामार्फत चौकशी करू लागल्या.

‘पाणी किती फूट झालंय म्हणं?’

टीव्हीवर ९ मीटर ४० सेंटिमीटर म्हणत होते, तिथला आजवरचा उच्चांक. मी वहीवर गुणाकार करून एकतीस फुटांच्या आसपास सांगितलं.

‘एकतीस?’ आजींचा विश्वास बसेना. ‘आमच्या राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीसला नुसता इशारा देत्यात. त्रेचाळीसला धोका.’

मी हे भाषांतर करू की नको अशा पेचात, आणि जर्मनी रडवेली होऊन विचारतेय की आजी काय म्हणाल्या. शेवटी सांगितलं. ती बघतच राहिली, आणि मग म्हणाली की त्यांच्याकडे एरवी नदी दोन मीटर असते. हे आजींना लगेच समजलं. दोनावरून नऊवर. त्यांनी आकडे सोडून दिले आणि पुढचं विचारलं, म्हातारीला माडीवर न्यायला कोण आहे का? रात्री उशिरा फोन लागला. म्हातारी शेजाऱ्यांच्या माडीवर होती. तोपर्यंत आजी तिच्या शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसून होत्या आणि पाणी ओसरल्यावर घर कसं साफ करायचं ते मराठीत सांगत होत्या. गाळ ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की भिंत सोडत नाही. भाषांतर करायचं मी केव्हाच सोडलं होतं.

ही मुलगी १९८६ ची. म्हणजे ती जन्मली पूर्व जर्मनीत, आणि चार वर्षांची असताना तो देशच राहिला नाही. तिच्या पाकिटात एक मार्कचं, म्हणजे त्यांच्या जुन्या चलनाचं, नाणं होतं, तेही त्या वर्षाच्या सुरुवातीला बाद झालेलं. १ जानेवारी २००२ पासून त्यांच्याकडे युरो हातात आले होते, त्यामुळे युरो आम्हाला जेवढा नवा होता, तेवढाच जवळपास तिलाही. इतिहास तिला पाठ करायला लागत नसावा, तिच्या घरात तो चालूच होता.

इतिहासावरून आठवलं. त्या वर्षी शाहू महाराजांच्या आरक्षणाच्या हुकमाला शंभर वर्षं होत होती. २६ जुलै १९०२ चा तो जाहीरनामा, मागासवर्गीयांना करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या रिकाम्या जागा. कॉलेजात भाषणं झाली, आमच्या एका सरांनी वेळ काढून जर्मनीला इंग्रजीत सगळं समजावलं, दसरा चौकात नेऊन पुतळा दाखवला, भोवतालची बोर्डिंगं, म्हणजे निरनिराळ्या जाती-धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठीची वसतिगृहं, दाखवली. तिनं मन लावून ऐकलं. आणि घरी येऊन काकूंना विचारलं की कामाच्या मावशींचा स्टीलचा ग्लास वेगळा का ठेवलेला असतो. मी तिथंच होते. काकू म्हणाल्या, त्यांना ग्लासमधूनच लागतो चहा. दुसऱ्या दिवशी मावशींना बशीसकट कपात चहा आला. मावशींनी कपाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘कपात माझं भागत न्हाई, ग्लासच द्या.’ काकूंच्या जिवात जीव आला. ग्लास पूर्वीच्याच जागी, खिडकीत, जाऊन बसला. आमच्याही घरी असा ग्लास होता. मी आईला काही विचारलं नाही.

पण मग आम्हीही एकदा तिला पकडलं. ती सांगत होती की त्यांच्याकडे चौथीनंतर मुलं वेगळी होतात. युनिव्हर्सिटीला जाऊ शकतील अशी एका शाळेत, बाकीची दुसऱ्या. आर्ट्सची एक मुलगी, जिचे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते, म्हणाली, ‘चौथीत? दहा वर्षांच्या पोराचं ठरवून टाकता?’ जर्मनी म्हणाली, मार्कांवरून ठरतं. ‘आणि डॉक्टरांची मुलं कुठल्या शाळेत जातात?’ जर्मनी लाल झाली. तिचे आईवडील दोघंही डॉक्टर होते.

ब्राझीलची कथा निराळी. तो आल्याची बातमी पेठेत पोचायला वेळ लागला नाही. तालमीची पोरं कॉलेजच्या गेटवर येऊन त्याला मोटरसायकलवर घालून गांधी मैदानावर घेऊन गेली. ब्राझीलचा म्हटल्यावर अर्थातच पुढं फॉरवर्डला उभा केला. पंधरा मिनिटांत मागं आणला. अर्ध्या तासानं तो गोलमध्ये होता, आणि त्यानंतर त्याला कुणी बोलवायला आलं नाही. तो व्हॉलीबॉल खेळायचा. ब्राझील व्हॉलीबॉलमध्येही जगात भारी आहे, हे त्यानं पुष्कळ सांगून पाहिलं. पेठेला त्याचं काय?

त्याचं गणित जुळलं ते उसाशी. तो साओ पाउलो राज्यातल्या आतल्या भागातला, जिथं नजर जाईल तिथवर ऊसच. त्याचे यजमान एका सहकारी साखर कारखान्याचे संचालक. हंगाम सुरू झाल्यावर ते आम्हा चार-पाच जणांना घेऊन गुऱ्हाळावर गेले. काहिलीतून रस उकळताना तो सगळी पोझ विसरून नाकानं वास ओढत उभा राहिला. ताज्या गुळाचा खडा तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरानं असेल. अगदी हाच पदार्थ त्याच्याकडे होता, विटेच्या आकाराचा, आणि तो त्याची आजी दुधात घालून द्यायची. मग तो सुटलाच. त्यांच्याकडे उसाच्या अल्कोहोलवर मोटारी चालतात आणि पेट्रोल पंपावर ते वेगळं मिळतं, हे त्यानं सांगितलं तेव्हा गुऱ्हाळवाले काका म्हणाले, ‘मग आम्ही दर मागत बसतोय कशाला?’ संचालकसाहेबांनी तेवढ्यात विषय बदलला. पण घरी जाताना गाडीत त्यांनी त्याला अल्कोहोलचा लिटरचा भाव विचारलाच.

रस्त्यात ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या लागल्या. बीडकडून आलेली माणसं, गाडीवर भांडी, कोंबड्या, मुलं. ब्राझील म्हणाला, आमच्याकडेही तोडायला असेच लांबून येतात, ईशान्येकडून, दुष्काळी भागातून. कशी असतात रे ती माणसं, मी विचारलं. तो जरा विचार करून म्हणाला, ‘मी कधी बोललो नाही त्यांच्याशी.’ तसं बघायला गेलं तर मीही कधी बोलले नव्हते.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांच्याकडे निवडणूक झाली. धातुकारखान्यातला कामगार, युनियनचा पुढारी, लहानपणी त्याच ईशान्येकडून ट्रकवर बसून आलेला लूला राष्ट्राध्यक्ष झाला. आमचे मराठीचे सर जुने लाल बावट्याचे. ते पेढे घेऊन वर्गात आले आणि ब्राझीलच्या हातावर पेढा ठेवून त्याचं अभिनंदन केलं. त्यानं पेढा खाल्ला, थँक्यू म्हणाला. मधल्या सुट्टीत मला म्हणाला, माझ्या घरी काल कुणी नीट जेवलेलं नाही, बाबा म्हणतायत आता सगळं संपलं.

एक्स्चेंज म्हणजे जग जवळ येणं वगैरे भाषणं मी त्या वर्षी पुष्कळ ऐकली. जवळ आलं ते खरंच, पण कुणाचं कुणाजवळ? इथल्या डॉक्टरांचं घर तिथल्या डॉक्टरांच्या मुलीला मिळालं, आणि इथल्या ऊसवाल्यांचं तिथल्या ऊसवाल्यांच्या मुलाला. जिनं जर्मनीला मराठी शिकवलं, ती काट्यावरच्या कारकुनाची मुलगी कुठं जाणार होती? विमानाचं भाडं आईवडिलांनी भरायचं, आणि बदल्यात परदेशी मुलाला ठेवून घ्यायला घरात जागा हवी. तिच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं. शिष्यवृत्तीवर पाठवणारे कार्यक्रम आहेत, नाही असं नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन ॲम्ब्युलन्सवाल्यांची एएफएस नावाची संघटना दुसरं महायुद्ध संपल्यावर शाळकरी मुलांच्या अदलाबदलीकडे वळली. १९४७ साली दहा देशांतली बावन्न मुलं त्यांनी अमेरिकेत नेली. पण आमच्या आर्ट्सच्या वर्गापर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. आणि पोचलं असतं तरी तिच्या घरचे ‘वर्ष फुकट जाईल’ असंच म्हणाले असते. वर्ष फुकट घालवायलाही ऐपत लागते, आणि आमच्यासारख्या ऐपत असलेल्यांना धीर नव्हता. आता माझा मुलगा दहावीला आहे. क्लबची मंडळी मुलं ठेवून घ्यायला घर शोधत दारी येतात, तेव्हा आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघतो आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतो. पुढच्या वर्षी अकरावी.

दोघं पुढच्या उन्हाळ्यात गेली. जाताना नेहमीचं झालं, रडारड, ब्लेझरवर आणखी बिल्ले, कोल्हापुरी चपला, आजींनी बांधून दिलेली चटणी.

मैत्रीण परत आली ती जुलैत, अकरावीची ॲडमिशन संपता संपता. फ्रेंच बोलत होती, चीज खात होती, केस कापले होते, आणि काकूंच्या प्रत्येक वाक्याला ‘का?’ विचारत होती. आता तिला अकरावीला प्रवेश हवा होता आणि मध्ये एक वर्ष रिकामं दिसत होतं. ऑफिसनं सांगितलं, गॅपचं ॲफिडेव्हिट आणा. म्हणून आम्ही, ती, मी आणि डॉक्टरकाका, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या कोर्टाबाहेर टायपिस्टांच्या रांगेत गेलो. टायपिस्टकडे मजकूर ठरलेला होता, फक्त नाव आणि साल घालायचं. त्यानं स्टॅम्प पेपर मशिनीत सरकवला, खडाखड टाईप केलं आणि वाचून दाखवलं. सदर कालावधीत मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात शिक्षण घेतलेले नसून घरीच होते, तसेच कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हते.

‘पण मी रोज शाळेत जात होते,’ मैत्रीण म्हणाली. ‘शनिवारीसुद्धा.’

‘कुठल्या शाळेत?’

तिनं सांगितलं. टायपिस्टनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘साहेब, ते घातलं की तिथला दाखला मागणार, त्याचं भाषांतर मागणार, मग ते बोर्ड आपल्या बोर्डात बसतंय का म्हणून पुण्याला पाठवणार. तोवर ॲडमिशन संपली. घरीच हुतं म्हणा की, काय बिघडतंय?’

काकांनी खिशाचं पेन काढून पुढं केलं. तिनं सही केली. करताना जे पुटपुटली ते फ्रेंचमध्ये होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला तरी ती शिवीच वाटली.